सरांचे दोन शब्द

आमच्या गावात माणसाला एकदाच काम मिळतं. ते गाव ठरवतं, आणि पुन्हा बदलून मिळत नाही. माझ्याबद्दल मी सातवीत असतानाच ठरलं की शेखर मजाक करतो. पुढे माझं अपेंडिक्स फुटलं तेव्हा पारावरची माणसं पोट धरून हसली. मीही पोटच धरलं होतं, त्यामुळे कुणाला फरक कळला नाही. मोताळ्याचा डॉक्टर हसला नाही, पण तो बाहेरगावचा होता.

नारायणराव सरांच्या वाट्याला मरण आलं. म्हणजे दुसऱ्यांचं.

सरांनी तीस वर्षं भूगोल शिकवला. रिटायर झाल्यावर ते एका मयतीला गेले. आमच्याकडे सरण पेटलं की श्रद्धांजलीची भाषणं होतात, मग सगळे उठून दोन मिनिटं मान खाली घालून उभे राहतात, तेव्हा कुठे घरी जायची मोकळीक. त्या दिवशी नेहमीच्या वक्त्याची एसटी चुकली. कुणीतरी म्हणालं, सर, तुम्हीच बोला दोन शब्द. सरांनी चष्मा काढून पुसला, खिशातून घडीचा कागद काढला, खाकरले, आणि असं बोलले की बांधावरून अकरा वर्षं अबोला धरलेला चुलतभाऊसुद्धा हुंदके देऊन रडला.

झालं. तेव्हापासून बारसं, वास्तुशांती, सत्कार, कुठूनच सरांना बोलावणं येईना. किराणा दुकानात गेले तर दुकानदार हळू आवाजात विचारायचा, कोण गेलं. सर साखर घ्यायला आलेले असायचे. आजाऱ्याला भेटायला गेले तर घरातल्या बाया आधी रडून घ्यायच्या. साधा ताप असलेल्या एका म्हाताऱ्याने तर, माझ्यावर काय लिहिलंत ते वाचून दाखवा, असा हट्ट धरला. सरांनी काही लिहिलं नव्हतं. म्हातारा इतका नाराज झाला की बराच झाला.

सरांना बसायला एकच जागा उरली, गफ्फारभाईंचं पंक्चरचं दुकान. "आमच्यात कबरीवर भाषण नसते, गुरुजी," गफ्फारभाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. "तुम्ही बिनधास्त बसत जा."

मग सरांच्या अर्पिताचं लग्न ठरलं, संग्रामपूरकडच्या मुलाशी. मंगलाष्टकांआधी आमच्याकडे पुढारी वधूवरांना आशीर्वाद देतात, तो पुढारी वधूवरांची नावं चुकवतो, आणि लोक टाळ्या वाजवतात. सरांची इच्छा होती की या वेळी आपण बोलावं. जिवंत माणसाबद्दल ते चारचौघांत कधी बोलले नव्हते. महिनाभर दुकानात बसून त्यांनी कागद लिहिला. गफ्फारभाईंनी तीनदा ऐकला आणि तिन्ही वेळा ठिगळ चुकीच्या ठिकाणी लावलं.

गावाने यावर बैठक घेतली. सरांना सोडून. पोलीस पाटलाचं मत पडलं की भर मांडवात या माणसाच्या हाती माईक देणं म्हणजे अपशकुनाला आहेर करणं. बायांनी सरांच्या बायकोला, सरस्वतीबाईंना घेरलं. सरस्वतीबाई सरांना एवढंच म्हणाल्या, "एक दिवस गप्प राहा न जी. लेकीचं लग्न आहे." सरांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. लग्नाच्या सकाळी हळदीच्या अंगाने अर्पिताने मला बाजूला बोलावलं. "शेखरदादा, माईक बाबाले देजो. नाही देला त मी बोहल्यावर चढत नाही." मी हसलो. ती हसली नाही. गावात मला गंभीरपणे काही सांगणारी ती एकटीच, म्हणून मी ऐकलं.

अंतरपाट यायच्या आत मी जाहीर केलं की वधूपिता दोन शब्द बोलतील. पोलीस पाटील पुढे धावला, पण मध्ये आहेराच्या भांड्यांचा ढीग होता. सर माईकपाशी आले. चष्मा काढून पुसला. खिशातून घडीचा कागद काढला. खाकरले.

आणि अख्खा मांडव उठून उभा राहिला.

कुणी सांगितलं नव्हतं. सहाशे माणसं, माना खाली, हात पुढे बांधलेले. टोप्या उतरल्या. आचाऱ्याने झारा खाली ठेवला. वराकडच्या लोकांना वाटलं, इकडची पद्धत असेल. तेही उठले, आणि नवऱ्याच्या आजोबांनी फेटा काढून काखेत धरला. भटजी उभे. नवऱ्याने मान झुकवली तशा त्याच्या मुंडावळ्या नाकासमोर लोंबायला लागल्या. पोलीस पाटील घड्याळ बघत होता, कारण दोन मिनिटं मोजायचं काम गावाने त्याला दिलेलं आहे.

सरांनी कागदाची घडी उघडली. मांडवात एकच माणूस खुर्चीवर बसून होता, गफ्फारभाई.

"वाचा न गुरुजी," ते म्हणाले. "मी ऐकून राह्यलो."

सरांनी वाचलं. अर्पिता चौथीत असताना तिने जिल्ह्याच्या नकाशात सातपुडा खाली काढला होता. त्यांनी शून्य दिलं. तिने कागद उलटा धरला आणि म्हणाली, आता आला न वर, द्या मार्क. त्यांनी दिले नाहीत.

"त्यानंतर तिनं मला एकही नकाशा दाखवला नाही," सर वाचत होते. "चूक माझी होती. आज मी तिला पाच मार्क देतो."

माना खालीच होत्या. त्या दोन मिनिटांत कानावर काही पडू द्यायचं नसतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही पक्कं ठाऊक आहे.

"बाबा," अर्पिता म्हणाली, "प्रश्न दहा मार्काचा होता."

सरांनी खिशातून पेन काढलं आणि कागदावर दुरुस्ती केली.

पोलीस पाटलाने घड्याळावरून नजर उचलली आणि ओम शांती म्हटलं. मांडव ओम शांती म्हणाला, बसला, डोळे पुसले आणि अक्षता मागायला लागला. लग्न वेळेवर लागलं. पंगतीत नवऱ्याच्या आजोबांनी माझ्याकडे सरांचा नंबर मागितला. आगाऊ सांगून ठेवलेलं बरं, म्हणाले.

पोलीस पाटील माझ्या शेजारी जेवत होता. समाधानाने म्हणाला, "बरं झालं बे, सर काही बोलले नाहीत."

मी त्याला सगळं सांगितलं. नकाशा, शून्य, उलटा सातपुडा, दहा मार्क.

तो पोट धरून हसला.