निघताना शिंकलेली

मला माझ्या नाकाची किळस येते. एकतर ते गळत असतं, नाहीतर बुजलेलं. आत मांस वाढलंय हे अख्ख्या मिठबाव गावात ठाऊक. तपकीर ओढून झाली, कढत तेल सोडून झालं, वेखंड उगाळून झालं. सुका बांगडा भाजला तर त्याचा वास येत नाही, छाती मात्र त्या धुराने शिट्ट्या मारते. पावसाळ्यात दमा मला भिंतीला टेकवून बसवतो. माझी नाक पुसायची फडकी सासूबाई काठीने उचलतात. त्यांचा राग येत नाही. मलाही ती हातात धरवत नाहीत.

राग येतो तो शकुनाचा. कोणी बाहेर पडताना मी शिंकले की माझे सासरे, दाजी, त्याला परत बसवतात. बाजाराला जायचं असो की लग्नाला. पुढे पुढे कोणी निघालं की मलाच गोठ्यात पाठवू लागले. गुरांच्या मुतात उभी राहून मी शिंकायची. तिथला वास येत नाही, एवढे काय ते नाकाचे उपकार.

सत्तावन्न साली मे महिन्यात माझा नवरा गुरुदास मुंबईहून रजेवर आला. तिथे त्याने डॉक्टर गाठला होता, मांस काढून देणारा. देवगडाहून सुटणारी पावसाआधीची शेवटची आगबोट आम्ही निघालो त्या दिवशी होती. ती चुकली तर आणखी एक पावसाळा भिंतीशी, आणि मागच्या पावसाळ्यात मी मरता मरता वाचले होते.

देवापुढे नारळ ठेवला, उंबऱ्याशी आले आणि शिंकले.

"बस गो खाली," दाजी म्हणाले. "घोटभर पाणी पी, मगे जा."

बसले. उठले, शिंकले, परत बसले. असं चाललंच होतं. गुरुदास ट्रंक घेऊन बैलगाडीशी उभा. बापापुढे तोंड उघडायची त्याची छाती नाही. माझं नाक ओठावर ओघळलं. शिसारी आली, नाकाची आणि त्या उठाबशांचीही.

"देवाक मान्य नाय दिसता," दाजी म्हणाले. "रवांदे यंदा."

"देव माझ्या नाकात बसाक नाय, मामांनू. थंय मांस वाढला हा."

सासऱ्यांपुढे एवढं मी कधी बोलले नव्हते. सगळ्यांसमोर पदरात नाक शिंकरलं आणि उंबरा ओलांडला. ओलांडतानाही शिंकलेच. गुरुदासने ट्रंक गाडीत टाकली.

"शिंक थांबासर तरी रव गो," दाजी मागून म्हणाले.

ती थांबत असती तर मी मुंबईला कशाला निघाले असते?