निरंक रकान्यातली सायकल

मित्रांनो, मी एक जुनी, काळी, चोवीस इंची सायकल आहे. तुळजापूर तालुक्यातल्या हिंगणवाडीत राहते. गावातले लहानथोर मला ओळखतात. पण गेल्या वर्षी सरकारी कागदावर मी या गावात नव्हतेच. तो किस्सा सांगायचा आहे. त्याआधी थोडी ओळख करून देते.

माझा सांगाडा दूर पंजाबातल्या कारखान्यात तयार झाला. मला आठवते ते मात्र तुळजापूरचे दुकान. तिथे छताला टांगलेल्या पाच-सहा जणींतून एका उंच माणसाने माझ्याकडे बोट दाखवले. त्यांचे नाव बिराप्पा. मेंढपाळाच्या घरातले ते पहिले नोकरदार. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात परिचर म्हणून नुकतेच लागले होते.

मग आमचे हिंडणे सुरू झाले. कॅरिअरवर लसीची पेटी, पेटीत बर्फ, वर ओले पोते. ऊन चढायच्या आत मेंढ्यांच्या वाड्यावर पोहोचायचे. लोक त्यांना डॉक्टर म्हणत.

"म्या डॉक्टर न्हाय बाबा, डॉक्टरच्या हाताखालचा गडी हाय," ते सांगत.

"सुई कोण टोचतंय? मग तुमीच डॉक्टर!"

काळ्या रानात पाऊस झाला की चिखल माझ्या मडगार्डमध्ये असा बसे की चाक फिरेना. तेव्हा बिराप्पा मला सरळ खांद्यावर घेत. तीस वर्षे मी त्यांना वाहिले आणि पावसाळ्यात त्यांनी मला.

गेल्याच्या आधीच्या पौषात ते गेले. दोन दिवसांचा ताप, एवढेच. मला गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवण्यात आले. चाकांतली हवा हळूहळू उतरली. एका कोंबडीने माझ्या कॅरिअरवर आपला संसार मांडला. दर रविवारी बिराप्पांच्या पत्नी म्हाळसाबाई येत, पदराने माझे सीट पुसत आणि पुसताना दुसरीकडेच बघत.

बिराप्पा गेले त्याच पौषात गावात रेल्वेचे फॉर्म आले. शेतांपलीकडे नवे स्टेशन होणार होते, गावापासून पायी दहा मिनिटांवर. सगळे गाव हरखून गेले होते. घरोघरी विचारून भरायचे होते की तुम्ही बाहेर कसे जाता : पायी, सायकलने, मोटारसायकलने की चारचाकीने? बिराप्पांची मुलगी प्रतीक्षा तेव्हा ग्रामपंचायतीत संगणकावर काम करायची. तिच्याकडे ते काम आले. वडिलांचा तेरावा होऊन आठवडाही झाला नव्हता. ती दारोदार गेली, मान खाली घालून, जो जे सांगेल ते लिहून घेत राहिली.

पुढे काही महिन्यांनी एका संध्याकाळी ती घरी आली आणि अंगणातच बसली.

"आई, स्टेशनाचा आराखडा आला. आपल्या बाजूनं वाटच न्हाय. मोटारसायकली लावायला दोनशेची जागा, आणि आपल्याकडं नुसता रुळांचा मातीचा भराव. आता पुलाकडनं चार किलोमीटर वळसा."

"असं कसं केलं मेल्यांनी?"

"त्यांनी न्हाय, आपण केलं. पायी जाणारे निरंक. सायकलवाले निरंक. मीच लिहिलंय."

निरंक म्हणजे त्या रकान्यात एकही नाही.

"मग माझं काय लिवलंस?"

"तू सांगितलंस ते. मोटारसायकल."

म्हाळसाबाई रोज दुधाची किटली घेऊन पायीच जातात. घरची मोटारसायकल त्यांचा मुलगा मल्हार सोलापूरला कामावर घेऊन गेला आहे.

"मल्हारला पोरी बघायचं चाललंय," शेवटी त्या म्हणाल्या. "म्हातारी पायी हिंडती असं कागदावर कशाला?"

गावात प्रत्येक घरी असेच काहीतरी होते. कुणाची मुलगी लग्नाची होती, कुणाची भाऊबंदांशी शर्यत होती. सगळ्यांनी मिळून गावाला मोटारसायकलवर बसवले होते.

आराखडा करणारे अभियंता व्यंकट तरुण होते आणि ऐकणारे होते. प्रतीक्षाने फोन केला तेव्हा ते म्हणाले, "भरावात ये-जा करायला सध्या फट आहे, ती सोमवारी बुजणार. शुक्रवारपर्यंत नवा तक्ता द्या, माणसांच्या सह्यांचा. आकडा असेल तर भुयारी वाट मागता येईल. नुसत्या अर्जावर नाही."

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी प्रतीक्षाने कोंबडीला उठवले. मला हाताने ढकलत गुंडप्पांच्या पंक्चरच्या दुकानात नेले. नव्या ट्यूब, साखळीला तेल, ब्रेकचे नवे रबर. हवा भरली गेली तेव्हा मला काय वाटले ते शब्दांत सांगता येणार नाही! तिथून आम्ही भरावाच्या फटीपाशी गेलो. पलीकडच्या हायवेला सगळे गाव तिथूनच ये-जा करत होते. ती वही उघडून उभी राहिली.

पहिले आले सरपंच आण्णासाहेब. पायी.

"आज तेवढी गाडी पंक्चर हाय गं. मोटारसायकलच धर." सही ठोकून ते गेले.

त्यांच्यामागून येणाऱ्या बायांनी ते ऐकले. त्यांच्याही गाड्या पंक्चर निघाल्या. दुपारपर्यंत हिंगणवाडीत चौतीस गाड्या पंक्चर झाल्या होत्या.

गुंडप्पा पोट धरून हसले. "पोरी, इतकं पंक्चर निघालं असतं तर म्या माडी बांधली असती! सकाळपासनं एकच गिऱ्हाईक, ती बी तुजी सायकल."

प्रतीक्षाला हसू आले नाही. गुरुवारही तसाच गेला.

शुक्रवारी व्यंकट आले. भोवती गर्दी जमली. त्यांनी वही चाळली. "मॅडम, सगळ्या सह्या मोटारसायकलच्याच आहेत."

प्रतीक्षा माझे हँडल धरून उभी होती.

तेवढ्यात हायवेकडून रिकामी किटली घेऊन म्हाळसाबाई आल्या. घामेजलेल्या, पायांवर धूळ. त्यांनी मला असे उजेडात, हवा भरलेले बघितले आणि थांबल्या. मग किटली खाली ठेवून त्यांनी सीटवर हात ठेवला. या वेळी दुसरीकडे बघितले नाही.

"हिच्यावर बसून मालकानं तालुक्याची मेंढरं जगवली," त्या गर्दीला म्हणाल्या. "कुणी त्यास्नी कमी लेखलं? सांगा की. म्या रोज पायी जाते. पोरी, आधीचं खोड अन् पायी लिव. आण ती वही."

"आन् मल्हारचं लगीन, वैनी?" कुणीतरी चिडवले.

"सासू चालतीया म्हणून जिला लाज वाटंल, ती सून मलाच नको!"

हशा पिकला. आण्णासाहेबांनी टोपी मागे सारली. "माझं बी खोड गं. रक्तात साखर निघाल्यापासनं बायको गाडीची किल्लीच देत न्हाय, चाला म्हणती."

मग रांगच लागली. जो तो दुसऱ्याच्या आधी पायी चालायला निघाला. एकशे बेचाळीस पायी, सव्वीस सायकली. सायकलच्या रकान्यात पहिले नाव प्रतीक्षाने स्वतःचे लिहिले. लिहून झाल्यावर तिने मान वर करून माझ्याकडे बघितले.

व्यंकटांनी तिथेच कागदावर पायऱ्यांची भुयारी वाट काढली.

"पायऱ्या नकोत, उतार द्या," प्रतीक्षा म्हणाली. "किटली, सायकल, मेंढरं, सगळंच न्यायचं असतं."

"किती उतार चालेल?"

"बसून बघा की सायेब!" आण्णासाहेब म्हणाले.

व्यंकट खरोखर माझ्यावर बसले. किटली कॅरिअरला बांधली आणि आम्ही भरावावरून खाली निघालो. किटली खणखणत होती, साहेब ओरडत होते, गाव मागून धावत होते. मी ब्रेक लागतील तेवढे लावले, पण खालच्या मऊ मातीत आम्ही दोघेही आडवे झालो.

"उतार याच्या निम्म्याहून कमी ठेवतो," साहेब पँट झटकत म्हणाले.

आणि तो तसाच झाला. सोमवारी फट बुजली नाही. भुयारी वाटेला मंजुरी आली. आता गावापासून स्टेशनापर्यंत फरसबंद वाट आहे, कडेला दिवे आहेत, पावसात चिखल नाही. स्टेशनाच्या दाराशी आम्हा सायकलींसाठी जागा आहे. माळ्यांवरून, गोठ्यांतून माझ्या वयाच्या किती जणी बाहेर आल्या म्हणून सांगू! प्रतीक्षा रोज सकाळी मला तिथे लावते आणि तुळजापूरला ग्रंथालयाचा अभ्यासक्रम शिकायला जाते.

मित्रांनो, तुमच्याही घरामागे माझ्यासारखी कुणी टेकून उभी असेल. तिला थोडे तेल द्या, चाकात हवा भरा. आणि कुणी कागद घेऊन आले आणि विचारले, तुम्ही कसे जाता, तर जसे जाता तसेच सांगा. तुमचे उत्तर ऐकूनच कुणीतरी तुमची वाट आखणार असते.

ही बघा, संध्याकाळची गाडी आली. प्रतीक्षा उतरली. आता आम्ही उताराला लागू. भुयारात पुढे कुणी नसले तरी ती घंटी वाजवते, उगाच, दोन-तीनदा. आत तो आवाज छान घुमतो. बाहेर पडेपर्यंत ती वाजवतच राहते.