खरवडणाऱ्याचा हात

डॉक्टरने बजावून सांगितलं होतं, तोंडावाटे काही म्हणजे काही द्यायचं नाही. पक्षाघाताच्या झटक्यात ओनेझिमची डावी बाजू गेली, वाचा गेली आणि घास गिळणंही गेलं. फुफ्फुसात काही उतरलं तर खेळ खलास. पोटात घातलेल्या नळीतून त्याला पातळ दुधासारखं काहीतरी द्यायचे. आणि माणूस कोण? बान्यच्या खोऱ्यातल्या जत्रेत उभा जन्म विस्तवापुढे बसून अख्ख्या गावाला चीज खरवडून वाढणारा!

त्याच्या बायकोला, आदेलीनला, आज वाटलं, निदान वास तरी घेऊ दे बिचाऱ्याला. तिने शेकोटीत लाकडं पेटवली, त्याची खुर्ची जवळ ओढली आणि चीजची अर्धी चकती निखाऱ्यांसमोर धरली. चीज फसफसून वितळायला लागलं. तेवढ्यात धाकटा दीर मार्सियाल आलाच.

"वा वहिनी, भाजलेलं चीज!"

"रॅक्लेट म्हणा, भाऊजी. चिडतील ते."

"चिडू दे की! आमची आजी भाजलेलं चीजच म्हणायची. रॅक्लेट हे शहरवाल्यांचं खूळ," तो मुद्दाम भावाच्या कानाशी ओरडला.

दर जत्रेत या भांडणाला रंग चढायचा. ओनेझिम सुरी नाचवत म्हणायचा, "अरे गाढवा, भाजायचं काम विस्तव करतो. खरवडायला हात लागतो, म्हणून रॅक्लेट, म्हणजे खरवडलेलं, हे नाव पडलं." आज तो नुसता बघत राहिला. मार्सियालचं तोंड एवढंसं झालं.

आदेलीनने सुरी फिरवली. खर्रकन आवाज झाला आणि चीज ताटलीतल्या बटाट्यावर ओघळलं. त्या आवाजासरशी ओनेझिमने तोंड उघडलं.

"अहो, नको ना. मिटा बघू तोंड."

त्याने मिटलं नाही.

"वहिनी, नखाएवढं द्या. काय होतंय?"

"मग तुम्हीच द्या! घ्या!" तिने ताटली त्याच्या हातात दिली.

मार्सियालने बोटावर थेंबभर घेतलं, भावाच्या ओठांपर्यंत नेलं. पुढे त्याचा हातच होईना. ताटली खाली ठेवून तो खिडकीपाशी गेला आणि तिकडे तोंड करून रडायला लागला.

आदेलीनला स्वतःचाच भयंकर संताप आला. वासावर भागेल असं वाटलंच कसं तुला, बये? इतकी वर्षं या माणसाला जेवू घातलंस ना?

चकतीच्या कडेची खमंग खरवड खरवडणाऱ्याच्या हक्काची, ती गावात दुसरं कुणी खात नाही. तिने ती काढली, फुंकर घालून निववली आणि त्याच्या उजव्या हातात ठेवली. नुसती धरू दे, एवढंच तिच्या मनात होतं.

मूठ मिटली आणि हात तोंडाकडे निघाला.

"अहो! अहो, नका!" तिने दोन्ही हातांनी मनगट धरलं. खरवडणाऱ्याचा हात तो, त्यातला जोर थोडाच गेला होता? ती सगळं अंग टाकून तो खाली दाबत होती आणि तो इंचाइंचाने वर येत होता.

"भाऊजी," ती रडतच ओरडली, "या ना हो इकडे, मला एकटीला आवरत नाहीत हे!"