शिंगाड्याच्या करंज्या

कार्तिकातले कोवळे ऊन डोंगराच्या खांद्यावरून उतरले आणि नीरेच्या खोऱ्यात सांडले. सोनसळी ऊन, सोनसळी साळी. उन्हाचा रंग कुठे संपतो आणि भाताचा कुठे सुरू होतो, ते कळू नये अशी ती सकाळ. खळ्याखळ्यांवर नव्या भाताच्या राशी, वाऱ्याच्या पदरात नव्या तांदळाचा गंध. साऱ्या आसमंताची ओटी धान्याने भरलेली.

त्या धान्यगंधित वाटेवरून दिगंबर बहिणीच्या गावी भाऊबिजेला चालला होता. एवढ्या समृद्धीत एकटा तोच असा, की ज्याला धान्याचा कणही वर्ज्य.

दीड वर्षापूर्वी त्याच्या आतड्यांनी धान्याशी वैर धरले. पोळी गेली, भाकरी गेली, ताटातला शुभ्र, वाफाळता भात गेला. पन्नाशीला टेकलेला तो उंचापुरा चित्रकलाशिक्षक पाणी न मिळालेल्या वेलासारखा सुकला, आणि अकरा दिवस इस्पितळाच्या खाटेवर पडून राहिला. डॉक्टरांनी निक्षून सांगितले, चिमूटभरसुद्धा चालणार नाही.

ते अकराही दिवस अक्का त्याच्या उशाशी होती. अक्का, त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि ती चौदाची. तिने भरवले म्हणून तो जेवला, तिने थोपटले म्हणून तो निजला. त्याचा कृश हात हातात घेऊन ती म्हणाली होती, "तुझी भाऊबीज मी कोरडी जाऊ द्यायची नाही, दिगू. शिंगाड्याच्या पिठाच्या करीन, पण करंजी तू माझ्याच हातची खाशील."

अक्काची करंजी! शंखशुभ्र, चंद्रकोरीसारखी नितळ, कातणाने कातरलेल्या नाजूक कडेची. पंचक्रोशीत तिच्या करंजीचे नाव होते.

पण शिंगाड्याचे पीठ मानी. ते ताणले जात नाही, वाकत नाही. वाकवले की तुटते. गेल्या दिवाळीत करंज्या तुपात पडताच उमलल्या, फुटल्या, सारणासकट विरून गेल्या. दोघे बहीणभाऊ पोट धरून हसले, आणि दिगंबरने वाटीभर ओल्या नारळाचे सारणच चमच्याने खाल्ले. तो गोडवा वर्षभर पुरला.

यंदा मात्र आठ दिवस आधी तिचा फोन आला. "उकडलेलं रताळं मळलंय पिठात. पारी लाटता येतेय बघ! आणि डबा आणायचा नाही हं. भाऊबिजेला माझ्या दारी डबा घेऊन आलास, तर बोलणार नाही मी तुझ्याशी."

निघताना त्याच्या बायकोने, वैजयंतीने, पिशवीत डबा ठेवला होता. त्याने तो हळूच काढून ओट्यावर ठेवला. "अक्काकडे जाताना कसला डबा?"

अक्काचे घर माणसांनी गजबजलेले. तिची नणंद शकुंतला पुण्याहून आलेली. तीही सुगरण, नजरेची तिखट. रांगोळीने वेढलेल्या पाटावर दिगंबर बसला. निरांजनाची पीतकोमल ज्योत त्याच्या मुखाभोवती फिरली. एकदा, दोनदा, तीनदा. भावाला उदंड आयुष्य लाभो, असे अक्काचे ओठ पुटपुटले.

मग ताट आले. ताटात करंजी.

शुभ्र. नितळ. अभंग.

त्याने घास घेतला. पारी जिभेवर हलकेच खुसखुशली. आत नारळ, गूळ, वेलची, खसखस. आणि त्या साऱ्यांच्या तळाशी एक जुनी, ओळखीची, हरवलेली चव. दूरदेशी गेलेल्या जिवलगाची हाक अचानक अंगणात ऐकू यावी, तशी. त्याचे डोळे भरून आले.

"अक्का, कशी गं साधली ही?"

"साधली बाबा एकदाची," अक्का म्हणाली. ती ताम्हनातल्या अक्षता वेचत होती.

"वहिनींचाच हात तो!" शकुंतला म्हणाली.

त्याने तीन करंज्या खाल्ल्या. मोठ्या, निर्धास्त, बालपणीच्या घासांनी खाल्ल्या.

दुपार कलली आणि वेदना आली. आधी नाभीशी एक बारीक पीळ. मग पिळावर पीळ, लाटेवर लाट, जणू कोणी ओले वस्त्र आतल्या आत पिळीत होते. कपाळावर घामाचे गार मोती फुटले. अक्का पाठ चोळत राहिली, गरम पाणी देत राहिली. "प्रवासानं झालं असेल," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज बारीक झाला.

तो भिंत धरत मागील दारी गेला, ओकला, आणि चूळ भरायला पाणी घ्यावे म्हणून स्वयंपाकघरात वळला. कोनाड्यात, फडक्याखाली झाकलेली एक परात. फडक्याचे टोक सरकलेले.

आत करंज्या होत्या. तपकिरी, ओबडधोबड, कडेला भेगाळलेल्या, सारण बाहेर डोकावणाऱ्या. प्रामाणिक करंज्या. त्याच्यासाठी केलेल्या, आणि त्याच्यापासून लपवलेल्या.

अक्का दारात उभी होती.

"मी काय खाल्लं, अक्का?"

चुलीवरच्या पातेल्यात पाणी खदखदत होते. 

"फुटत होत्या रे सगळ्या," ती म्हणाली. "वन्सं बसल्या होत्या बघत. भाऊबिजेच्या ताटात असलं फुटकं कसं वाढू? म्हणून दुसऱ्या घाण्याला मैदा घातला. मूठभर. फक्त मूठभर, दिगू."

त्याने परातीवरचे फडके पुरते दूर केले. ते पाहवेना म्हणून जे बोलू नये ते ती बोलली. "मला वाटलं, एवढ्यानं काय होतंय. अर्धं मनाचंच असतं हे."

पोटातली कळ त्याच्या ओळखीची होती. ही कळ नवी होती. ती पोटात नव्हती.

"अकरा दिवस उशाशी होतीस ना गं तू?" तो हलकेच म्हणाला.

संध्याकाळभर तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. ती पाठीवरून हात फिरवायला आली, तेव्हा त्याने तो हात धरला आणि अलगद बाजूला ठेवला. परक्याची वस्तू परत करावी तसा, जपून, न रागावता.

सकाळी ओसरीच्या पायरीवर तो एसटीची वाट पाहत बसला. ओठ कोरडे, डोळ्यांखाली राखाडी सावल्या. अक्का बशी घेऊन आली. बशीत एक करंजी, तपकिरी, भेगाळलेली.

"ही निव्वळ शिंगाड्याची. शिंगाडा, रताळं, तूप. दुसरं काही नाही."

"खरंच नाही ना, अक्का?"

प्रश्न विचारला गेला आणि दोघेही दचकले. चव्वेचाळीस वर्षांत त्याने तिला तो कधी विचारला नव्हता. तिच्या हातचा घास त्याने डोळे मिटून घेतला होता. तापात, अंधारात, आईविनाच्या रात्रीत.

"तुझी शपथ," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतले पाणी खरे होते. शपथही खरी होती.

त्याने करंजी उचलली. नाकाशी नेली. बोटांनी तिची कड चाचपली, पारखली. मग ती बशीत ठेवली. "पोट अजून धड नाही. नंतर खाईन."

कोणते नंतर, ते दोघांनाही ठाऊक होते.

वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. तो वाकला, रीतीप्रमाणे तिच्या पायांना हात लावला. तिने पाठीवर हात ठेवला; हाताखाली पाठ क्षणभर आखडली, आणि तिला ते कळले. मग लाल धूळ उडाली, उडाली आणि बसली.

अक्का पायरीवर तशीच बसून राहिली. बाजूला बशी. बशीत करंजी.

भिंतीच्या फटीतून मुंग्यांची एक रेघ निघाली. काळी, बारीक, संथ. पायरी चढली, बशी चढली, करंजीच्या भेगेशी पोचली. आणि कुणाला काहीही न विचारता, एकामागून एक, त्या गोड अंधारात शिरत गेली, शिरत गेली.