शेषेरावाचा रांजण

मुखेडच्या बसस्टँडसमोरची पाणपोई वसंतगुरुजींची. ते गेल्यावर त्यांची लेक विनीता ती चालवायची. ती शाळेत विज्ञान शिकवायची, पण शाळेआधी रांजण भरल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे. यंदा निवडणूक जवळ आली आणि उमेदवार शेषेरावाला एकाएकी समाजसेवेची उबळ आली. त्यानं भिंतीवरचं गुरुजींचं नाव खरवडून काढलं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

विनीता भांडायला गेली, तर बजरंग पेंटर डबा घेऊन रांजणापाशी उभाच होता.

"मॅडम, गेलेल्या माणसाच्या नावानं कोण मत देतंय?" शेषेराव हसला. "रांजणावर माझं नाव टाकून राहिलो. नुसतं नाव बरं दिसंल का?"

विनीताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिभेवर मात्र साखर आली.

"नुसतं नाव कशाला? सगळाच रंगवा. ऑईलपेंटचे दोन हात मारा, लई चमकंल."

बाई नमली, असं शेषेरावाला वाटलं.

वैशाख तापला. निळ्याभोर रांजणावर शेषेरावाचं नाव झळकत होतं, आणि उदगीरच्या एसटीतून उतरलेली माणसं पहिल्याच कोमट घोटाला थुंकत होती. बाजाराच्या दिवशी एका म्हातारीनं रांजणावरचं नाव विचारून घेतलं आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. विनीताला ती शिवी न् शिवी गोड लागली, खोटं कशाला बोला? पण म्हातारी तशीच तहानलेली गेली, ते मात्र तिला लागलं. दुसऱ्या दिवशी तिनं कुंभाराकडून कोरा रांजण आणून शेजारी मांडला. त्यावर नाव नव्हतं. लोकच त्याला गुरुजींचा रांजण म्हणू लागले.

भर दुपारी शेषेराव घाम पुसत आला.

"दोन्हीत एकाच टँकरचं पाणी, मॅडम. मग तुमचंच गार कसं?"

"मातीला बारीक छिद्रं असतात. त्यातून पाणी झिरपतं, बाहेर वाळतं, अन् वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. तुमच्या रंगानं छिद्रं बुजली."

"म्हंजे तुम्हाला तवाच ठाऊक होतं?"

"हाव. पण तुम्ही फक्त दिसंल कसं, तेवढंच विचारलं."

बाकावरची माणसं फिदीफिदी हसली. शेषेरावानं गुरुजींच्या रांजणाकडे हात केला.

"पाणी तरी द्या," तो पुटपुटला.

पाणपोईवर कुणालाच नाही म्हणायचं नाही, ही गुरुजींची शिस्त. विनीतानं पेला घासला, विसळला, आणि त्याच्या नावाच्या रांजणातून काठोकाठ भरून त्याच्या हातात दिला.