शेवटची फरशी

बाई आधी गुडघ्यांवर बसल्या, मग हातांवर टेकल्या, आणि शेवटी मान वाकडी करून त्यांनी बाकाखाली पाहिलं. जिन्यातला भोंगा कोकलत होता. बाकाखाली बिट्टी कानांवर तळवे दाबून, डोळे गच्च मिटून, एवढंसं गाठोडं होऊन बसली होती.

"चल बाळा. नुसता सराव आहे. खरी आग नाही कुठे."

बिट्टीपर्यंत यातला एक शब्द पोचला नाही. दारापाशी चौथीची उरलेली एकतीस मुलं दोन-दोनच्या रांगेत उभी होती आणि पायांची चुळबुळ करत होती. शाळेचा नियम असा, की सगळा वर्ग खोलीबाहेर पडला की हजेरीपट घेऊन बाईंनी शेवटी निघायचं, आणि बाई हलल्याशिवाय रांगेने हलायचं नाही. म्हणजे एक मूल बाकाखाली, तर आख्खा वर्ग दुसऱ्या मजल्यावर.

भोंगा थांबला तेव्हा बिट्टी आपली आपण बाहेर आली, फ्रॉकची धूळ झटकली आणि जागेवर बसून वही उघडली. बाईंना उठायला मात्र दोन बाकांचा आधार घ्यावा लागला.

"सात मिनिटं," मोठ्या बाई त्यांच्या खोलीत म्हणाल्या. त्या मुख्याध्यापिका, आणि आवाज चढवायची त्यांना कधी गरज पडत नसे. "मागच्या वेळी सहा होती. बालवाडी तुमच्या आधी अंगणात पोचली."

"मग काय करू? उचलून नेऊ? अठ्ठावीस किलोचं पोर ते, आणि माझे गुडघे हे असे."

"शुक्रवारी अग्निशमनचे अधिकारी स्वतः येणार आहेत. वरच्या मजल्याला तीन मिनिटं. नाही जमलं, तर सोमवारपासून ती तळमजल्यावर बसेल. पहिलीच्या खोलीत, एका कोपऱ्यात, चौथीची पुस्तकं घेऊन."

"ती चौथीतली आहे."

"आग काही इयत्ता विचारत नाही."

बाई जास्तच चिडल्या. मोठ्या बाईंनी मग जरा मऊ सूर लावला. "मुलांना एकदा समजावून सांगा ना. ऑटिझम म्हणजे काय, तिचं वेगळं का आहे. त्यांनी सांभाळून घेतलं तर येईलही ती."

बाईंनी बिट्टीच्या आईला फोन करून विचारलं. आई म्हणाली, "सांगा. फक्त बिचारी म्हणू नका."

बुधवारी बिट्टीला शिपाईमामांबरोबर वाचनालयात पाठवून बाई फळ्यासमोर उभ्या राहिल्या. तयारी जय्यत होती. जो देव एका झाडाची दोन पानं सारखी करत नाही, तो माणसं कशाला सारखी करेल, असा पूर्वरंग त्यांनी झकास रंगवला. मुलं तल्लीन झाली. उत्तररंगात घोटाळा झाला.

"बाई, लागतं का ते? सर्दीसारखं?"

"नाही रे. जन्मापासून असतं. आजार नाहीच तो."

"मग बरं कधी होणार?"

"आजार नाही म्हटलं ना आत्ता? तिचा मेंदू वेगळ्या पद्धतीने चालतो. आपल्याला जो आवाज साधा वाटतो, तो तिच्या कानात घणासारखा पडतो. न विचारता कुणी अंगाला हात लावलेला तिला सोसत नाही. ठरलेलं अचानक बदललं की तिचा जीव घाबरा होतो. एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ."

शेवटून दुसऱ्या बाकावरून एक हात वर आला. तो वर यायचाच होता. ही वर्गातली रेडिओ. बाईंनीच कधीतरी वैतागून हे नाव ठेवलं होतं, कारण तिचं बटण बंद करायची जागा कुणालाच सापडली नव्हती. बिट्टीच्या शेजारी बसायची तीच.

"बाई, पण ती हट्टी पण आहे. ते मेंदूत येतं का स्वभावात?"

"खाली बस."

"नाही, म्हणजे तुम्हीच म्हणालात आजार नाही. मग हट्टीपणा तिचा स्वतःचाच झाला की."

"तू तिच्याशी रोज भांडतेस, ते आधी बंद कर. रोज मधल्या सुट्टीतून वर आलात की तुमचं सुरू. कसले ते आकडे, कसली ती हमरीतुमरी. त्या मुलीला शांतता हवी असते, आणि तिच्या वाट्याला आलीस तू." बाईंनी तिथल्या तिथे निकाल लावून टाकला. "दप्तर उचल आणि दाराजवळच्या पहिल्या बाकावर ये. मॉनिटर, तू बस बिट्टीशेजारी."

रेडिओने दप्तर उचललं. एरवी ती यावर तीन प्रश्न विचारती. या खेपेला एकही नाही विचारला.

मॉनिटर गुणी मुलगी. अक्षर गोल, वेणी घट्ट, आणि सांगितलेलं काम सांगितल्यापेक्षा जरा जास्तच करायची सवय. बिट्टी परत आली तेव्हा तिने तिच्यासाठी बाक पुसून ठेवलेला होता. बिट्टीने बाक पाहिला, मॉनिटरला पाहिलं, मग वर्गभर नजर फिरवून पहिल्या बाकावरची रेडिओची पाठ पाहिली. बसली, पण दप्तर मांडीवरून खाली ठेवलं नाही.

त्या दुपारपासून चौथीत दयाळूपणाची साथ पसरली. जो तो बिट्टीशी हळू आणि तोडून तोडून बोलू लागला, जणू ती फार लांब उभी होती. कुणी तिच्या पेन्सिलीला टोक काढून दिलं. तिला बोथट पेन्सिल आवडायची. कुणी तिची पाण्याची बाटली भरून आणली, ती बिट्टीने निमूटपणे खिडकीबाहेर रिकामी केली आणि आपली आपण भरून आणली. आणि आवाज नको म्हणून सगळे एकमेकांना गप्प करू लागले. कुणाचा बाक करकरला की शू. कुणी शिंकलं की शू. एकाच्या शू वर चौघांचं शू. गुरुवारी दुसऱ्या तासापर्यंत वर्गात कुकरच्या शिट्ट्यांसारखं चाललं होतं, आणि प्रत्येक शू ला बिट्टीचे खांदे कानांकडे चढत होते.

बाईंच्या हे लक्षात आलं तेव्हा त्या फळ्याकडे तोंड करून होत्या. त्या गर्रकन वळल्या, मुलांना गप्प करायला तोंड उघडलं, आणि आपल्याच तोंडून काय बाहेर पडणार आहे हे ऐन वेळी कळून खडू हातात तसाच धरून उभ्या राहिल्या.

चौथ्या तासाला मॉनिटरने बिट्टीच्या पाठीवरून मायेने हात फिरवला. बिट्टीने तिला चावा घेतला.

"मी तर चांगलंच वागत होते," मॉनिटर हुंदके देत म्हणाली.

"हो गं बाई," बाई तिच्या मनगटावर ओला रुमाल धरत म्हणाल्या, "तू चांगलीच वागत होतीस. मीही. सगळेच. हीच तर पंचाईत आहे."

त्या दिवशी बिट्टी घरी जाईपर्यंत एक शब्द बोलली नाही. बाईंनी आठवून पाहिलं तरी त्यांना आठवेना, की ती याआधी बोलायची ते कुणाशी.

शुक्रवारी अधिकारी आले. हातात घड्याळ, काखेत फाइल, बोलणं मोजकं. ते मोठ्या बाईंबरोबर अंगणात उभे राहिले आणि अकराला दहा कमी असताना भोंगा वाजला.

वर्ग उभा राहिला, रांग झाली, आणि बिट्टी बाकाखाली गेली.

बाईंनी हजेरीपट छातीशी धरला. भिंतीवरच्या घड्याळातला लाल काटा अर्ध्यावर आला. मॉनिटर कालच्या चाव्याची पट्टी सांभाळत बाकापाशी वाकली आणि म्हणाली, "घाबरू नकोस हं, आम्ही सगळे आहोत तुझ्यासोबत." बिट्टी आणखी आत सरकली. रांगेतून एकाने शू केलं.

"कुणी शू करायचं नाही," बाई म्हणाल्या. त्यांना पहिलीच्या खोलीतला तो कोपरा दिसला, बुटक्या खुर्च्या, भिंतीवरचे बदक आणि ससा, आणि त्यात ही नऊ वर्षांची मुलगी गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. देवा, आता तूच काय ते कर, असं त्या मनात म्हणाल्या. त्या खाली बसायला वाकल्या, आणि गुडघ्याने अर्ध्यावरच असहकार पुकारला.

तेवढ्यात रांगेच्या तोंडाशी उभी असलेली रेडिओ रांग सोडून आली.

"तू रांगेत जा," बाई म्हणाल्या.

ती कधी ऐकायची नाहीच, आताही ऐकलं नाही. बाकापाशी येऊन ती सरळ फरशीवर पालथी पडली, हनुवटी टेकवून. तोंडातून चकार शब्द काढला नाही. तिने बिट्टीच्या नाकासमोर एक हात धरला, चार बोटं ताठ, अंगठा दुमडलेला. मग दुसरा हात धरला. त्याची पाचही बोटं उघडी.

बिट्टीने डोळे किलकिले केले. चार. पाच. तिच्या कपाळावर आठी उमटली, आणि ती भीतीची नव्हती हे बाईंना पोक काढून उभ्या असतानाही दिसलं. बिट्टीने एका कानावरचा हात काढला. भोंग्याने तिचा चेहरा पिळवटला, तरी काढलाच. पुढे होऊन तिने रेडिओच्या पाच बोटांमधला अंगठा पकडला आणि खाली दुमडून टाकला.

चार आणि चार.

रेडिओने अंगठा पुन्हा उघडला आणि उठून दाराकडे पळाली.

बिट्टी बाकाखालून बाहेर आली ती संतापाने लाल होऊन. दोन्ही तळवे कानांवर, कोपरं पंखांसारखी पसरलेली. "चव्वेचाळीस," ती ओरडली. कालपासून बाईंनी ऐकलेला तिचा तो पहिला शब्द. रांग हलली. जिन्यात भोंगा दुप्पट घुमत होता, पण त्याच्यावर बिट्टीचा आवाज चढत होता. एक, दोन, तीन. प्रत्येक पायरीला एक आकडा, ठणकावून. तिच्या पुढे रेडिओ मागे वळून वळून बघत, मान डोलवत उतरत होती, चिडवल्यासारखी. पहिल्या मजल्यापर्यंत बावीस झाले. तिथून सगळा वर्गच मोजू लागला, मॉनिटरसुद्धा, आणि बाई कठडा धरून, एकेका पायरीला कळ सोसत मागून आल्या.

"चव्वेचाळीस," बिट्टी अंगणात उतरताना म्हणाली, आणि जिन्याच्या पायथ्याशी असलेली, अंगणापासून जेमतेम दोन बोटं उंच असलेली फरशी तिने मोठी ढांग टाकून ओलांडली.

रेडिओने त्याच फरशीवर दोन्ही पायांनी उडी मारली. "पंचेचाळीस."

अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. "दोन मिनिटं बावन्न सेकंद," ते म्हणाले आणि लिहून घेतलं. "हा वर्ग एवढा ओरडत का येतो?"

"त्यांची पद्धत आहे ती," मोठ्या बाई म्हणाल्या. बाईंकडे पाहून त्यांनी डोळे किंचित मिटले, म्हणजे सोमवारचं रद्द.

वर जाताना बाईंनी रेडिओला दंडाला धरून मागे ठेवलं. "हे रोज भांडता ते यावरून?"

"हो. ती म्हणते खालची फरशी पायरी नाही. मी म्हणते आहे."

"किती दिवस चाललंय हे?"

"दुसरीपासून."

"अगं, ती फरशी पायरी कशी असेल? बघ की. दोन बोटं उंच आहे."

रेडिओने इकडे तिकडे पाहिलं. वर्गाची पाठ वळलेली होती. बिट्टी वरून तिसऱ्या पायरीवर थांबून खाली बघत होती, पण लांब होती.

"मला माहीत आहे हो बाई," रेडिओ दबक्या आवाजात म्हणाली, "पण मी हो म्हटलं, तर उद्या ती माझ्याशी कशावरून बोलेल?"

बाईंनी दंडावरचा हात सोडला.

"वर जाऊन दप्तर उचल," त्या रागावल्यासारख्या म्हणाल्या. "जा तुझ्या जागेवर. आणि जास्त बडबड करायची नाही."

दुपारी फळ्यावर भागाकार लिहिताना मागून कुजबूज सुरू झाली. चव्वेचाळीस. पंचेचाळीस. चव्वेचाळीस. बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. फक्त खडू जरा जोरात टेकवून लिहीत राहिल्या.

शाळा सुटली, व्हरांडे रिकामे झाले. बाईंनी कपाट लावलं, पिशवी खांद्यावर घेतली आणि जिन्याच्या तोंडाशी आल्या. बावीस वर्षं त्या इथून चढत-उतरत होत्या, दर पायरीला गुडघ्यांच्या नावाने बोटं मोडत. आज त्यांनी कठडा धरला, इकडे तिकडे कुणी नाही ना पाहिलं, आणि तोंडातल्या तोंडात मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन.

मधल्या वळणावर शिपाईमामा भेटले. "निघालात का?" म्हणाले. बाईंनी नुसतीच मान हलवली.

खाली आल्या तेव्हा त्रेचाळीस झाले होते.

त्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. फरशीकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं. फरशी धरली तर चव्वेचाळीस, नाही धरली तर त्रेचाळीस. दोघींपैकी कुणाशीच जमेना; मधे कुठेतरी एक पायरी निसटली होती.

"हे देवा," त्या वैतागून म्हणाल्या, पिशवी पायथ्याशी ठेवली, पदर खोचला आणि पुन्हा वर चढू लागल्या.