ताटभर धूळ

गंगुबाईला या सौद्यात मिळायचं होतं फक्त एक उत्तर.

पुण्याहून धुळीवर संशोधन करायला आलेल्या वेदिकाला गंगुबाईच्या न्हाणीघराच्या स्लॅबवर एक पसरट ताट ठेवायचं होतं. आत काचेच्या गोट्या. वाऱ्याने आणलेली धूळ गोट्यांच्या फटींत बसली की पुन्हा उडत नाही. ती धुऊन काढायची, कणाकणाची कुळी शोधायची, म्हणजे समुद्रापलीकडच्या वाळवंटातून कोकणात किती धूळ येते ते कळतं. गंगुबाईने भाडं मागितलं नाही. तिचा निलेश ओमानात वाळवंटाच्या कडेला लोडर चालवतो. तीन शिमगे झाले, रजा नाही. फोनवर म्हणतो, "आई, इथे वाळूशिवाय काय नाय. काय धाडू तुला?"

"त्याच्या मुलखातली धूळ माझ्या घरावर पडते काय, तेवढं सांग," ती वेदिकाला म्हणाली.

इतक्या स्वस्तात स्लॅब मिळाला म्हणून पोर खुशीत परत गेली. गंगुबाईने काही स्वस्तात दिल्याचं हेदवी गावात मात्र कोणाला आठवत नव्हतं.

वेदिकाची अट एकच: ताटाजवळ धूळ उडवायची नाही. गंगुबाईने ती इतकी मनावर घेतली की डिसेंबरात ताट बसलं त्याच दिवशी केरसुणी उचलून ठेवली. ज्या अंगणात पान पडायला घाबरायचं, तिथे फणसाच्या पानांचा थर जमला. शेजारची मथुरा रोज दोन घरांमधल्या गडग्याशी येऊन उभी.

"गंगू, म्हातारपणी गोट्या खेळतेस, खेळ. पण अंगण झाड गो. पोरगा आला तर त्याला वाट सापडायची नाय."

"तू तुझी जळमटं काढ. तुझी धूळ गावची. माझी परदेशातून यायची हाय."

मार्चमध्ये एका सकाळी समुद्रच दिसेना. सूर्य ताकात पडल्यासारखा, दातांखाली कचकच, आंब्याच्या पानांवर फिकट पूड. वेदिकाचा लगेच फोन. "मावशी, हीच ती. मी चार दिवसांत येते. ताट हलवू नका आणि झाकूही नका. झाकण टेकलं तर धूळ त्यालाच चिकटेल."

चारातला तिसरा दिवस पालखीचा होता. शिमग्यात ग्रामदेवी वर्षातून एकदा दारी येते, अंगणात नाचते, घरची बाई तिची ओटी भरते. पालखीबरोबर गुलालही येतो, आणि तो कोणी मोजून उधळत नाही.

त्या दिवशी गंगुबाईने अंगणातली पानं एकेक करून हाताने वेचली, न झाडताच शेणाने सारवलं. नारळ, खण, तांदूळ सुपात मांडले. वळणावर ढोल वाजला, आणि ढोलाच्या आधी वाऱ्यावर गुलाल आला. ताटावर छत्री धरायला सांगावं तर वाडीतलं हलतंचालतं माणूस सगळं पालखीखाली. तिने सूप मथुरेच्या हातात दिलं.

"ओटी तू भर."

"शुद्धीवर हायस? तुझ्या घरचा मान हाय तो."

"मान हाय म्हणून तर तुला देतेय. निलेशचं नाव घे आणि भर."

आणि निलेशची काळी छत्री घेऊन ती शिडी चढली.

पालखी नाचू लागली. पुढच्या दांडीला वाडीतला रघू होता. त्याने वर पाहिलं. छत्रीखाली ताट, आणि छत्रीबाहेर गंगुबाई, पायापर्यंत गुलाबी. एरवी हा माणूस मयताच्या घरीही थट्टा करतो. आज हसला नाही. त्याने खांदा वळवला, पालखी शिडीपाशी आणली आणि सगळ्यांना हात ताणून ती उंच धरायला लावली. देवीचा मुखवटा स्लॅबच्या कडेला आला. गंगुबाईने मोकळा हात कपाळाला लावला.

"काकी, दोन हात जोड की."

"एक कामात हाय. तिला ठाऊक हाय."

चौथ्या दिवशी वेदिका येऊन ताट घेऊन गेली, आणि मेमध्ये निकाल घेऊन आली. "निम्म्याहून जास्त धूळ आपलीच, जांभ्या दगडाची. पण बाकीच्यात अशी खनिजं आहेत जी इथल्या खडकात नसतात. अरबस्तानातल्या कोरड्या मातीशी ती जुळतात. त्या दिवशीचा वाराही तिकडचाच होता."

"म्हणजे निलेशकडची?"

खोटं बोलणं सोपं होतं. वेदिका म्हणाली, "त्या बाजूची, मावशी. त्याच्याच गावची का, ते मला सांगता येणार नाही."

गंगुबाई म्हणाली, "तो तरी कुठे एका जागी असतो? लोडर फिरता. त्या बाजूची हाय ना, पुरे."

"आणि थोडे गुलाबी कण सापडले. छत्री असूनही. मी ते मोजणीतून वगळलेत."

"तू वगळ. आमच्याकडे ते धरतात."

त्या रविवारी निलेशने फोनवर नेहमीचं विचारलं, आई, काय धाडू? ती म्हणाली, "पोचलं." त्याला काही कळलं नाही. आई ठीक आहे ना, म्हणून त्याने मथुरेला फोन लावला, आणि मथुरेने त्याला अर्धा तास आपण ओटी कशी भरली ते ऐकवलं.

तर वेदिकाला नमुना मिळाला. मथुरेला एका शिमग्यात दोन घरच्या ओट्या, आणि तोंडाला वर्षभराचं काम. रघूने आठ दिवस खांद्याला तेल चोळलं, पण ते त्याने आपखुशीने दिलेलं. बाकी सगळी किंमत गंगुबाईने मोजली: वर्षाची ओटी, धुवूनही गुलाबीच राहिलेलं एक लुगडं, आणि घराभोवती डिसेंबरापासून तुंबलेला केर, जो ती ताट गेल्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून झाडत होती.